आशियाई आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स स्पर्धा: कट्ट्यावर बसून पालक विचारतात ते प्रश्न

गोव्यात फोंड्याला आमचा मुलांचा जिम्नॅस्टिक्सचा लहानसा वर्ग चालतो. संध्याकाळी मुलं आत कोलांट्या मारतात आणि पालक बाहेर कट्ट्यावर मोबाइल चाळत बसतात. २०२४ च्या मे महिन्यात दीपा कर्माकरने ताश्कंदला सुवर्णपदक जिंकलं आणि त्या कट्ट्यावरून प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. २०२५ च्या जूनमध्ये प्रणती नायकने पदक आणल्यावर पुन्हा तेच. एकाच उत्तराची सात-सात वेळा उजळणी करून घसा बसला, म्हणून शेवटी लिहून काढलं.

ही स्पर्धा म्हणजे एशियन गेम्सच ना?

नव्हे. घोळ होतो तो इथेच. एशियन गेम्स म्हणजे सगळ्या खेळांची मोठी जत्रा. तिथे जिम्नॅस्टिक्स १९७४ च्या तेहरानच्या खेळांपासून आहे. आपण बोलतोय ती आशियाई अजिंक्यपद स्पर्धा फक्त जिम्नॅस्टिक्सची, आशियाई जिम्नॅस्टिक्स संघटनेने भरवलेली. दोन्हीकडे खेळाडू बरेचसे तेच असतात, साधनंही तीच. पण पदकाचा हिशेब वेगळा, आणि ऑलिम्पिकला जायची वाट असलीच तर ती अजिंक्यपद स्पर्धेतून जाते, एशियन गेम्समधून नाही.

पहिली स्पर्धा कधी झाली? त्यानंतर कुठे कुठे?

पहिली १९९६ साली चीनमधल्या चांगशाला झाली. दुसरी व्हायला सात वर्षं लागली, २००३ मध्ये ग्वांगझूला. २००६ ला सुरत, २००८ ला दोहा. मग पुन्हा चार वर्षं काहीच नाही आणि २०१२ मध्ये चीनच्याच पुटियन शहरात पाचवी. त्यानंतर हिरोशिमा (२०१५), बँकॉक (२०१७), उलानबातर (२०१९). मध्ये कोविड आला. २०२२ ला परत दोहा, आणि तिथून पुढे मात्र दरवर्षी: सिंगापूर, ताश्कंद, दक्षिण कोरियातलं जेचॉन.

मोजलंत तर १९९६ ते २०२५ या काळात बारा स्पर्धा. पहिल्या सोळा वर्षांत फक्त पाच, आणि नंतरच्या चारच वर्षांत चार. नुसत्या आकड्यांवरून कळतं की सुरुवातीला या स्पर्धेचं कुणाला फारसं अडत नव्हतं.

आशियात जिम्नॅस्टिक्स एवढं मोठं, तरी सुरुवात इतकी उशिरा का?

युरोपात पुरुषांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९५५ ला फ्रँकफुर्टला झाली, महिलांची १९५७ ला बुखारेस्टला. म्हणजे आपण चाळीस वर्षं मागे. आणि त्याच चाळीस वर्षांत जपानच्या पुरुषांनी जग जिंकलं होतं, पुढे चीननेही. म्हणून हा प्रश्न मला आवडतो.

माझं मत सांगते. जपान-चीनला आशियात सिद्ध करायचं काही उरलं नव्हतं, त्यांचं लक्ष जागतिक स्पर्धेवर आणि ऑलिम्पिकवर. बाकीच्यांसाठी चार वर्षांनी येणारे एशियन गेम्स होतेच. स्वतंत्र स्पर्धेची खरी गरज होती ती मधल्या फळीतल्या देशांना: भारत, व्हिएतनाम, फिलिपाइन्स, उझबेकिस्तान. आणि मधल्या फळीच्या गरजेला कोण धावून येतो? जागतिक स्पर्धेची आणि ऑलिम्पिकची पात्रता खंडीय स्पर्धांना जोडली गेली तेव्हा कुठे हिचा भाव वधारला. आता ही चुकवली तर पुढचं दारच बंद होऊ शकतं, म्हणून दरवर्षी होते.

सुरतला झाली होती? आम्हाला पत्ताच नाही!

झाली होती, २००६ मध्ये. भारतात ती एकदाच आली. मडगावहून कोकण रेल्वेने थेट जाता आलं असतं. मला तेव्हा या स्पर्धेचं नावही ठाऊक नव्हतं, त्यामुळे तुम्हाला बोल लावत नाही.

भारताला आजवर काय मिळालं?

सीनियर गटातली पदकं बोटांवर मोजण्याएवढी आहेत, म्हणून सगळीच सांगते. पुरुषांत अलाहाबादच्या आशिष कुमारचं फ्लोअरवरचं कांस्य. महिलांत दीपा कर्माकरचं हिरोशिमाचं कांस्य (२०१५) आणि ताश्कंदचं सुवर्ण (२०२४). प्रणती नायकची तीन कांस्यं: उलानबातर २०१९, दोहा २०२२, जेचॉन २०२५.

आता यातली गंमत बघा. आशिषचं सोडलं तर बाकी सगळी व्हॉल्टवरची, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीची. बीमवर (अरुंद लांब फळीवर) नाही, बारवर (वर-खाली बसवलेल्या दोन आडव्या दांड्यांवर) नाही, सर्व साधनं मिळून होणाऱ्या ऑल-अराउंडमध्ये तर नाहीच.

आणखी एक गंमत. ताश्कंदला दीपाला १३.५६६ गुण मिळाले. उत्तर कोरियाची किम सोन-ह्यांग १३.४६६ गुणांनी रौप्यावर राहिली. वर्षभराने जेचॉनला प्रणतीने नेमके तेवढेच, १३.४६६ गुण मिळवले आणि तिला कांस्य मिळालं. गुण तेच, पदक बदललं. स्वतःची उडी तुमच्या हातात असते, शेजारणीची नसते.

सगळी पदकं व्हॉल्टवरच का?

कट्ट्यावरचं नेहमीचं उत्तर: "आपल्या मुलींच्या पायात ताकद असते." असेल. पण माझ्या मते कारण पायात नाही, हॉलमध्ये आहे.

व्हॉल्टला काय लागतं? जास्तीत जास्त पंचवीस मीटरची धाव, एक स्प्रिंगबोर्ड, सव्वा मीटर उंचीचं टेबल आणि पडायला जाड मॅट. उडी पाच-सहा सेकंदांत संपते. करायची असते एकच गोष्ट, पण ती भयंकर अवघड. एखादी जिद्दी मुलगी आणि एखादे वेडे सर अपुऱ्या साधनांवरही ती एक गोष्ट वर्षानुवर्षं घासू शकतात. आगरतळ्याला दीपा आणि तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी तेच केलं. मोडक्या स्कूटरच्या भागांपासून त्यांनी सरावाचं साधन जुळवलं, ही गोष्ट तुम्ही वाचली असेलच.

अनईव्हन बारचं तसं नाही. तिथे एकापाठोपाठ एक हालचाली जोडाव्या लागतात. महिलांच्या बार, बीम आणि फ्लोअरच्या मांडणीत कठीणतेसाठी आठ हालचाली मोजल्या जातात, आणि त्यातली प्रत्येक शिकताना मूल शेकडो वेळा पडतं. पडायला फोमचा खड्डा हवा, चांगले बार हवेत, हात सोलून निघाले तरी रोज तीन-चार तास हॉल उघडा हवा. आमच्याकडे पावसाळ्यात हॉलमधल्या मॅटना बुरशी येते आणि हाताला लावायच्या चॉकचे दमटपणाने गोळे होतात. बारवर हात घट्ट बसत नाही, मग दोन महिने बारचा सराव अर्धाच. अशा ठिकाणी व्हॉल्ट तेवढं तग धरून राहतं.

दीपाने आशियाचं सोनं जिंकलं, मग ती पॅरिस ऑलिम्पिकला का गेली नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो. कुणीतरी अन्याय केला असावा असं वाटतं. अन्याय नव्हता, नियम होता.

ताश्कंदच्या स्पर्धेतून महिलांसाठी पॅरिसची एकच जागा होती आणि ती ऑल-अराउंडसाठी. म्हणजे व्हॉल्ट, अनईव्हन बार, बीम आणि फ्लोअर या चारही साधनांच्या गुणांची बेरीज. ज्या देशांचे संघ आधीच पात्र झाले होते, उदाहरणार्थ चीन, त्यांच्या मुली या जागेच्या शर्यतीत नव्हत्या. त्यामुळे ऑल-अराउंडचं कांस्य जिंकणाऱ्या फिलिपाइन्सच्या एमा मालाबुयोला तिकीट मिळालं. तिची बेरीज ५०.३९८.

दीपा ४६.१६६ गुणांसह सोळावी आली. फरक सव्वाचार गुणांच्या जवळपास. सव्वाचार म्हणजे किती? बीमवरून एकदा पडलं की एक गुण जातो. चार वेळा पडावं एवढी ती दरी. व्हॉल्ट आशियात सर्वोत्तम असूनही ती एकट्या व्हॉल्टने भरून निघणार नव्हती, कारण ऑल-अराउंडमध्ये व्हॉल्टचीही एकच उडी धरतात.

म्हणजे त्याच आठवड्यात, त्याच हॉलमध्ये, त्याच मुलीला पदक मिळालं आणि तिकीट हुकलं. आपल्याकडे पेपरात पदकाचा फोटो पहिल्या पानावर येतो आणि तिकिटाचं गणित कुठेच येत नाही. मी पालकांना या स्पर्धेचा निकाल दोनदा वाचायला सांगते: एकदा साधनानुसार, एकदा ऑल-अराउंडचा. भारताचं जिम्नॅस्टिक्स नेमकं कुठे आहे ते दुसऱ्या यादीत दिसतं.

त्या सोन्याची किंमत यामुळे तसूभरही कमी होत नाही, हेही सांगून ठेवते. सीनियर आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. वय तीस. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया आणि उत्तेजक चाचणीनंतरची एकवीस महिन्यांची बंदी सोसून परतलेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली.

मग प्रणती टोकियो ऑलिम्पिकला कशी गेली?

खंडीय कोट्यातून. २०२१ ची आशियाई स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली आणि आशियाच्या वाट्याची जागा आधीच्या कामगिरीवर ठरली, ती तिला मिळाली. लोक याला नशीब म्हणतात. पण २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ती उतरली नसती, चारही साधनं खेळत राहिली नसती, तर नशिबाने दार कोणाचं ठोठावलं असतं?

गुण दहापैकी असतात ना? मग १३.५६६ कसे?

दहापैकीचे दिवस गेले. १९७६ ला माँट्रिअलला नादिया कोमानेचीने मिळवलेला दहापैकी दहा आपल्या डोक्यात अजून आहे, पण २००६ पासून पद्धत बदलली. आता दोन भाग. पहिला कठीणतेचा, तो जितकं अवघड कराल तितका वाढतो. दुसरा सफाईचा, तो दहापासून सुरू होतो आणि चुकांगणिक कापला जातो. गुडघा वाकला, पाय सुटले, उतरताना पाऊल सरकलं, कापा. दोन्हींची बेरीज म्हणजे गुण.

व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन वेगळ्या प्रकारच्या उड्या माराव्या लागतात आणि सरासरी धरतात. २०१६ ला रिओमध्ये दीपाच्या दोन उड्यांना १४.८६६ आणि १५.२६६ गुण होते, सरासरी १५.०६६. कांस्य गेलं १५.२१६ ला. ०.१५० चा तो फरक भारतात पाठ नसलेला माणूस विरळा.

रिओला पंधरा होते आणि ताश्कंदला तेरा. खेळ खालावला म्हणायचा का?

वेगवेगळ्या काळातले गुण शेजारी ठेवून तुलना करू नका, तो जुन्या आणि नव्या रुपयाचा हिशेब होतो. दर ऑलिम्पिकनंतर नियमावली नव्याने निघते आणि उड्यांचे दर बदलतात. रिओनंतर व्हॉल्टचे दर खाली आणले. दीपाची प्रोदुनोवा ही उडी रिओच्या वेळी कठीणतेत ७.० ची होती, पुढच्या नियमावलीत ती ६.४ ची झाली. शिवाय गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली खेळाडू कोणत्या उड्या निवडेल हा विचार करायलाच हवा.

प्रोदुनोवा म्हणजे नक्की काय? मुलगा घरी सोफ्यावरून करून बघतो.

आधी सोफा सरकवा. धावत येऊन टेबलावर दोन्ही हात टेकायचे, हवेत पुढच्या दिशेने दोन पूर्ण कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचं. रशियाच्या येलेना प्रोदुनोवाचं नाव तिला मिळालं आहे. मागच्या दिशेच्या कोलांटीत उतरण्याआधी जमीन दिसते. पुढच्या दिशेने येताना ती उशिरा दिसते आणि दुसरी कोलांटी अर्ध्यात राहिली तर माणूस मानेवर येतो. म्हणून जगात अगदी मोजक्या मुलींनी ती स्पर्धेत केली. आमच्या वर्गात ती कुणी शिकवत नाही आणि शिकवणारही नाही.

चीन आणि जपानला हरवता येतं का?

ते अनेकदा पहिल्या फळीतले खेळाडू या स्पर्धेला पाठवत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पण येतं. फिलिपाइन्सच्या कार्लोस युलोकडे बघा. ताश्कंदला २०२४ मध्ये त्याने ऑल-अराउंडसह चार सुवर्णपदकं घेतली आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला फ्लोअर आणि व्हॉल्ट अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकली. त्याची ताश्कंदची चार पदकं पाहताना मला सर्वांत जास्त डोळ्यांत भरलं ते ऑल-अराउंडचं. फ्लोअरचा राजा आहे म्हणून त्याने बाकीची साधनं सोडून दिली नव्हती.

गोव्याचा या सगळ्याशी काय संबंध?

थेट नाही. पण २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे झाल्या, त्यांचं शुभचिन्ह मोगा गवा जागोजागी झळकत होता ते आठवतं ना? त्या स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान दोघींना विभागून मिळाला आणि दोघीही जिम्नॅस्ट: महाराष्ट्राची संयुक्ता काळे आणि ओडिशाकडून खेळलेली प्रणती नायक. आशियात कांस्य जिंकणारी मुलगी आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर खेळून गेली. तेव्हा आमच्या कट्ट्यावर चर्चा चालली होती ती फुटबॉलची. गोव्यात ती कधी चालत नाही?

मल्लखांब येणाऱ्या मुलाला जिम्नॅस्टिक्स सोपं जातं का?

निम्मं सोपं, निम्मं अवघड. पोटाची ताकद, लवचीकपणा, उलटं लटकताना न घाबरणं हे सगळं तयार मिळतं. पण मल्लखांबाची सगळी विद्या पकडीची आहे. अंग खांबाला चिकटून राहिलं पाहिजे, पायांची आढी सुटता कामा नये. जिम्नॅस्टिक्समध्ये नेमकं सोडायला शिकावं लागतं: बार सोडा, हवेत फिरा, परत धरा. मल्लखांबातून आलेला एक मुलगा आमच्याकडे सहा महिने बार सोडायला तयारच नव्हता. "टीचर, हात सुटत नाय," एवढंच म्हणायचा. सुटला एकदाचा, पण उन्हाळा गेला त्यात.

मुलांची आणि मुलींची साधनं वेगळी का?

मुलांची सहा: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार, हॉरिझॉन्टल बार. मुलींची चार, वर सांगितलेली. जुन्या काळी बायकांनी काय करावं आणि काय करू नये याच्या कल्पना होत्या, त्यातून ही वाटणी झाली आणि राहिली. मुलींचं फ्लोअर संगीतावर असतं, मुलांचं नाही. माझी एक विद्यार्थिनी विचारते की मला रिंग्ज का नाहीत. उत्तर माझ्याकडेही नाही.

रिबन आणि चेंडू घेऊन करतात ते यातच येतं?

ते रिदमिक. त्याची आशियाई स्पर्धा वेगळी.

कोणत्या वयापासून या स्पर्धेत खेळता येतं?

मुलींना ज्या कॅलेंडर वर्षात सोळावं पूर्ण होतं त्या वर्षापासून सीनियर. त्याआधी ज्युनियर, आणि आशियाई स्तरावर ज्युनियरची स्पर्धाही असते. पण आशियाई स्पर्धेला कोणी सरळ नाव नोंदवून जात नाही. राष्ट्रीय स्पर्धा, निवड चाचणी, मग भारताचा संघ, या क्रमानेच. सात वर्षांच्या मुलीच्या बाबांनी मला पासपोर्टचं विचारलं होतं, म्हणून लिहिते.

माझी मुलगी म्हणते मी फक्त व्हॉल्टच करणार, दीपासारखी. करू दे का?

करू दे, पण शेवटच्या वीस मिनिटांत. आमच्याकडे पहिला तास बीमचा. दहा सेंटिमीटर रुंद, पाच मीटर लांब, म्हणजे तुमच्या तळहाताएवढ्या रुंदीची वाट. मुलींना कंटाळा येतो, कारण बीमवर धावायला मिळत नाही आणि बघणारे टाळ्या वाजवत नाहीत. लहान मुलींना आम्ही आधी जमिनीवर आखलेल्या रेघेवर चालवतो, मग वीतभर उंचीच्या फळीवर, आणि पुरती सवय झाल्यावर सव्वा मीटरच्या खऱ्या बीमवर. त्यानंतर बार, मग फ्लोअर. ताश्कंदची ती दुसरी यादी मी हॉलच्या भिंतीवर चिकटवली आहे. जून ते सप्टेंबर येताना दोन कोरडे टॉवेल पाठवा, एक हातांना आणि एक बीम पुसायला.